जिलेबीचं भोक आणि छत्तीस खुर्च्या: एका फसलेल्या व्याख्यानाचं प्रकरण

इंदूरला रविवारी सकाळी माणसं जमवायची असतील तर आधी पोहे-जिलेबीची सोय करावी लागते. विषय नंतर ठरला तरी चालतो. आमचं राजेंद्रनगरचं मंडळ असंच चालतं. महिन्यातून एकदा पस्तीस-चाळीस मराठी माणसं जमतात. बँकेतून, विद्युत मंडळातून निवृत्त झालेले काका, शाळेतून निवृत्त झालेल्या दोन-तीन काकू, कॉलेजची चार मुलं. शिवाय 'कॅट' ह्या सरकारी संशोधन केंद्रातली माणसं. त्या केंद्राला राजा रामण्णांचं नाव मिळून बरीच वर्षं झाली, पण रिक्षावाल्यापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे त्याला अजून कॅटच म्हणतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे विज्ञानाचा विषय निघाला की माइक माझ्याकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात मी २०१६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हा विषय घेतला. डेव्हिड थाउलेस, डंकन हॉल्डेन आणि मायकल कोस्टरलिट्झ. थाउलेसना अर्धं पारितोषिक, उरलेलं अर्धं बाकीच्या दोघांत. काम द्रव्याच्या विचित्र अवस्थांवरचं, म्हणजे हेलियमच्या अतिशय पातळ थरात काय घडतं अशा गोष्टींचं, आणि त्यासाठी वापरलेलं गणित टोपॉलॉजीचं. व्याख्यान रंगलं, टाळ्या पडल्या, आणि कोणालाही काही कळलं नाही. ते कसं घडलं आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही ते कसं निस्तरलं, हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. असा विषय समजावू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

पहिला रविवार

४ ऑक्टोबर २०१६ ला स्टॉकहोममध्ये पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा नोबेल समितीचे थॉर्स हान्स हान्सन यांनी पत्रकारांसमोर पिशवीतून दालचिनीचा बन, बेगल आणि प्रेट्झेल काढले. बनला भोक नाही, बेगलला एक, प्रेट्झेलला दोन. बन दाबा, चेपा, लांबवा, भोकांची संख्या बदलत नाही. ती बदलायची तर फाडावं किंवा चिकटवावं लागतं. शिवाय ती नेहमी पूर्ण संख्याच असते, दीड भोक असं काही नसतं. आकाराच्या अशा न बदलणाऱ्या गोष्टींचं गणित म्हणजे टोपॉलॉजी.

मी हेच इंदुरी केलं. कचोरी, मेदूवडा, जिलेबी. बशीतली जिलेबी वर धरल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "भिया, ती गार होतेय, बोलणं आटपा." लोक हसले, मी खूश झालो. तिथेच विद्युत मंडळातल्या काकांनी पहिला धक्का दिला. त्यांनी जिलेबी हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, "सर, ह्यात भोक आहे कुठे? हा तर एकच दोर आहे, नुसता वेटोळा घातलेला. तळताना वेढे एकमेकांना चिकटले असले तरच भोक." अगदी बरोबर. न चिकटलेली जिलेबी टोपॉलॉजीच्या दृष्टीने शेवेची एक लांब काडी. इमरती आणायला हवी होती.

पण खरा घोटाळा नंतर लक्षात आला. जाताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून द्यायचं, अशी आमची पद्धत आहे. आज काय कळलं? बहुतेक चिठ्ठ्यांचा आशय सारखाच होता: 'काही पदार्थांत अतिसूक्ष्म भोकं असतात आणि तापमान वाढलं की भोकांची संख्या बदलते.' एकाने त्याची तुलना स्पंजशी केली होती. निवृत्त शिक्षिका काकूंनी मात्र वाक्य न लिहिता प्रश्न लिहिला: "हेलियमच्या इतक्या पातळ थरात भोक नेमकं कुठे असतं? दाखवता येईल का?"

दाखवता येणार नव्हतं. ते तिथे नसतंच.

चूक कुठे होती

हान्सन यांचं उदाहरण खोटं नाही. न बदलणारी पूर्ण संख्या म्हणजे काय, हे ते अर्ध्या मिनिटात सांगतं, आणि पत्रकार परिषदेत तेवढाच वेळ असतो. माझ्याकडे दीड तास होता आणि मी तेवढ्यावरच थांबलो. ती संख्या पदार्थात कुठे राहते, हे सांगायचं राहून गेलं. भोक बशीतल्या वड्याला आहे, हेलियमला नाही. हेलियमच्या थरात जी संख्या मोजायची, ती एखाद्या बिंदूभोवती फेरी मारताना मोजायची असते. आणि हे सांगायला प्रदक्षिणेपेक्षा सोयीचा शब्द मराठीत तरी मला माहीत नाही. तो इतका जवळ असून मी बेगलच्या मागे का गेलो, कोण जाणे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. तिघांचं काम मी एकाच जिलेबीत कोंबलं. थाउलेस आणि कोस्टरलिट्झ यांचं १९७०च्या दशकातलं काम पातळ थरातल्या भोवऱ्यांचं आहे. १९८२ चं थाउलेस यांचं काम इलेक्ट्रॉनच्या क्वांटम हॉल परिणामाचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या पातळ थराचा आडवा विद्युतविरोध पायऱ्यांनी बदलतो त्याचं. हॉल्डेन यांनी १९८०च्या दशकात चुंबकीय अणूंच्या साखळ्यांवर काम केलं आणि १९८८ मध्ये बाहेरचं चुंबकीय क्षेत्र न लावताही हॉल परिणाम मिळू शकेल अशी रचना कागदावर मांडली. तिन्हीकडे पूर्ण संख्या आहे, पण प्रत्येकीचं घर वेगळं.

छत्तीस खुर्च्या

दुसऱ्या रविवारी मी खाण्याच्या वस्तूंना हात लावला नाही. सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या सहा-सहाच्या सहा रांगांत मांडल्या. घरी साठलेल्या लग्नपत्रिका कापून छत्तीस बाण केले आणि प्रत्येकाला एक दिला. खुर्ची म्हणजे हेलियमच्या थरातली एक जागा, बाण म्हणजे तिथल्या हेलियमच्या आतल्या घड्याळाचा काटा. बाण मांडीवर आडवा ठेवायचा. एक मुलगी गॅलरीतून मोबाइलवर फोटो काढत होती. नियम एकच: तुमचा बाण पुढच्या, मागच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याच्या बाणाशी होता होईल तो जुळवून घ्या. शेजाऱ्याशी जितका कोन जास्त, तितकी नाराजी जास्त. कोन दुप्पट, तर नाराजी चौपट. भौतिकशास्त्रात हिलाच ऊर्जा म्हणतात. नाराजी हा शब्द काकूंचा, आणि तो ऊर्जेपेक्षा चांगला चालला.

आधी सगळ्यांचे बाण स्टेजकडे. नाराजी शून्य. मग मी प्रत्येकाला थोडं हलायला सांगितलं, म्हणजे तापमान वाढवलं. फोटोत दिसलं की शेजारी-शेजारी जुळतंय, पण पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिशा हळूहळू घसरत गेली आहे. सपाट थरात हे टळत नाही. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं की मोकळेपणाने फिरू शकणाऱ्या बाणांच्या दोन मितींच्या थरात, तापमान शून्याच्या जरा जरी वर असलं, तरी दूरपर्यंत टिकणारी शिस्त राहू शकत नाही. त्यामुळे अनेकांची समजूत अशी झाली की जिथे शिस्तच नाही तिथे ती मोडणार काय, आणि अवस्थांतर (पाण्याचं बर्फ होतं तसं) होणार कशाचं?

आता मुख्य खेळ. सर्वांत बाहेरच्या वेढ्यात वीस माणसं बसली होती. त्यांना सांगितलं, पहिल्याचा बाण पूर्वेला, पुढच्याने १८ अंश वळवायचा, त्याच्या पुढच्याने आणखी १८. विसाव्या खुर्चीनंतर पुन्हा पहिल्याकडे येईपर्यंत बाणाची एक पूर्ण फेरी होते. आतल्या वेढ्यात बारा माणसं, त्यांना ३० अंश. अगदी मधल्या चौघांना ९० अंश. बाहेरचे सगळे सुखात. मधले चौघे मात्र ओरडायला लागले, "आमचं कोणाशीच जुळत नाही." मी म्हटलं, हाच भोवरा.

मग विद्युत मंडळातल्या काकांना उठवून बाहेरच्या वेढ्याला प्रदक्षिणा घालायला लावली. प्रत्येक बाण बघत जायचं आणि परत येईपर्यंत बाण किती वेळा गरगरला ते मोजायचं. एक. आतल्या वेढ्यातून, एक. प्रत्येकाला आपापला बाण थोडा-थोडा हलवायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. तरी एक. जिलेबीतली ती न बदलणारी संख्या ही अशी दिसते. पदार्थाला भोक नाही. बाणांच्या मांडणीत एक गाठ आहे, आणि कुठल्याही एका खुर्चीवर बोट ठेवून 'गाठ इथे आहे' म्हणता येत नाही, फेरी मारावी लागते.

"मग सोडवायची कशी?" कॉलेजच्या मुलाने विचारलं. दोन वाटा आहेत. भोवरा सरकवत सभागृहाच्या कडेपर्यंत न्यायचा आणि बाहेर ढकलायचा. नाहीतर उलटा गरगरणारा भोवरा आणून त्याच्याशी भिडवायचा. आम्ही दुसरी वाट करून पाहिली. दोन विरुद्ध भोवरे शेजारी मांडले आणि दोघांना मिळून प्रदक्षिणा घातली, तर संख्या शून्य. म्हणजे दूरच्या माणसाला त्या जोडीचा पत्ताच लागत नाही, नाराजी तिच्या आसपासच राहते. एकटा भोवरा मात्र सगळ्या सभागृहाला त्रास देतो.

किती त्रास? इथे फळ्यावर आकडे मांडले, आणि माझ्या मते तिन्ही रविवारांतला हाच सर्वांत मोलाचा भाग. वेढ्यात माणसं 'न' इतकी धरली, तर प्रत्येकाचा कोन ३६० भागिले न. कोनाचा वर्ग करून तो 'न' वेळा मिळवला की एका वेढ्याची नाराजी १/न च्या प्रमाणात येते. (मधल्या चौघांचा कोन मोठा असल्याने तिथे हिशेब थोडा चुकतो, पण ते चालण्यासारखं.) म्हणजे १/४, मग १/१२, १/२०, आणि खुर्च्या वाढवल्या तर १/२८, १/३६. बँकेतल्या काकांनी बेरीज करायला घेतली आणि काही वेळाने म्हणाले, "ही फार सावकाश वाढतेय, पण थांबत नाहीये." बरोबर. वेढ्यांची संख्या दुप्पट केली की दर वेळी जवळजवळ तेवढीच भर पडते. गणितात ह्याला लॉगरिदमची वाढ म्हणतात. शाळेत लॉगची कोष्टकं वापरलेल्या पिढीला ते जड गेलं नाही, मुलांनाच थोडं गेलं.

मग दुसरी बाजू. भोवऱ्याचं केंद्र चार खुर्च्यांच्या मधल्या जागेत बसतं. सहा बाय सहात अशा जागा पंचवीस. साठ बाय साठात ३,४८१. सभागृह मोठं, तशी भोवऱ्याला राहायला घरं जास्त. तापमान असलेल्या जगात जिथे पर्याय जास्त तिकडे ओढ जास्त. ह्या ओढीचं माप म्हणजे एंट्रॉपी, आणि ती जागांच्या संख्येच्या लॉगरिदमने वाढते. लांबी-रुंदी दुप्पट केली की जागा साधारण चौपट होतात, म्हणजे इथेही दर दुपटीला ठराविक भर.

थाउलेस-कोस्टरलिट्झ यांच्या विचाराचा गाभा एवढाच आहे. भोवऱ्याचा खर्च आणि त्याच्यासाठीची मोकळीक दोन्ही एकाच चालीने वाढतात. म्हणून सभागृह किती मोठं ह्यावर निकाल ठरत नाही, तापमानावर ठरतो. खर्चाच्या पारड्यात पाय (π) गुणिले शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा जोर, मोकळिकीच्या पारड्यात दोन गुणिले तापमान. तापमान कमी असताना खर्च जड, म्हणून एकटे भोवरे नाहीत, सगळे जोडीजोडीने बांधलेले. एका ठराविक तापमानाला पारडं फिरतं, जोड्या सुटतात आणि मोकळे भोवरे थरभर हिंडू लागतात. शिस्त दोन्हीकडे नाहीच, तरी अवस्था दोन आहेत, आणि फरक एवढाच की भोवरे बांधलेले की सुटे. बारीक हिशेबात खरं तापमान ह्या ढोबळ अंदाजाच्या थोडं खाली येतं, कारण आसपासच्या जोड्या भोवऱ्यांमधली ओढ पातळ करतात. कोस्टरलिट्झ यांनी ते १९७४ मध्ये नीट मांडलं.

चौथं नाव

त्या दिवशी चहाच्या वेळी माणसांच्या गोष्टी निघाल्या. कोस्टरलिट्झ मूळचे कणभौतिकीतले आणि गिर्यारोहणाचे वेडे. सर्नला, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेत, जायचं मनात होतं, पण अर्ज वेळेत पोचला नाही. शेवटी बर्मिंगहॅमला आले. तिथे करायला काही नवं शोधताना थाउलेसांच्या खोलीत गेले आणि पातळ थर, भोवरे, हे सगळं पहिल्यांदा ऐकलं. ती गोष्ट ऐकून कॉलेजची मुलं फारच सुखावली. अर्ज उशिरा भरणाऱ्यांची बाजू घेणारं इतकं भक्कम उदाहरण त्यांना आधी मिळालं नसावं.

बँकेतल्या काकांनी विचारलं, "ह्या अवस्थांतराच्या नावात आणखी एक रशियन आडनाव आहे. ते पारितोषिकात का नाही?" काका घरून वाचून आले होते. वादिम बेरेझिन्स्की. सोव्हिएत संघात त्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे ह्या दोघांच्या थोडं आधीच, भोवऱ्यांची हीच कल्पना मांडली होती. १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. म्हणून आज अवस्थांतराला तिघांचं नाव आहे, बेरेझिन्स्की-कोस्टरलिट्झ-थाउलेस, आणि पारितोषिक त्यातल्या दोघांना. थाउलेस स्वतः पारितोषिकाच्या वेळी ८२ वर्षांचे होते, २०१९ मध्ये वारले.

मग विद्युत मंडळातल्या काकांचा प्रश्न: "हे सगळं कागदावर. मोजलं कोणी?" १९७८ मध्ये कॉर्नेलला बिशप आणि रेपी यांनी मोजलं. प्लास्टिकच्या पातळ पट्टीची गुंडाळी केली, तिच्या पृष्ठभागावर हेलियमचा जेमतेम काही अणूंच्या जाडीचा थर बसवला आणि ती गुंडाळी एका पिळाच्या दांडीवर डावी-उजवी झुलवली. अतितरल, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, हेलियम पृष्ठभागाबरोबर ओढला जात नाही, जागच्या जागी राहतो. म्हणून तो असताना झुला हलका वाटतो आणि भरभर झुलतो. तापमान वाढवत नेलं की एका क्षणी हेलियम एकदम पट्टीबरोबर ओढला जाऊ लागतो, झुला जड होतो. ही उडी किती असावी, हे नेल्सन आणि कोस्टरलिट्झ यांनी १९७७ मध्येच सांगून ठेवलं होतं: थर जाड असो वा पातळ, उडीच्या वेळचा अतितरल भाग भागिले तापमान ही संख्या तीच. तशीच मिळाली.

तिसरा रविवार

इथे मी पुन्हा थोडा अडखळलो. क्वांटम हॉल परिणाम खुर्च्यांनी दाखवता येत नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रनोब्लला क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉनचा पातळ थर द्रव हेलियमने गार करून प्रचंड चुंबकीय क्षेत्रात ठेवला. आडव्या दिशेचा विद्युतविरोध पायऱ्या-पायऱ्यांनी बदलला, आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्ण संख्या. त्याबद्दल त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

विद्युत मंडळातल्या काकांना ह्यातली गंमत सर्वांत आधी कळली. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असेल तर कंपनीच सांगते, पाच टक्के इकडे-तिकडे धरून चाला. इथे नमुन्यात अशुद्धी, कडा वेड्यावाकड्या, तरी आकडा अब्जात एक इतका नेमका. "इतकी घाण असून?" त्यांनी दोनदा विचारलं. हो. थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की तो भाजक टोपॉलॉजीची संख्या आहे. थोडी घाण म्हणजे कचोरी थोडी चेपणं, संख्येला धक्का नाही. पण ही संख्या सभागृहात फेरी मारून मिळत नाही. ती राहते इलेक्ट्रॉनच्या संवेगांच्या, म्हणजे ते किती जोरात कुठल्या दिशेने जातात याच्या, नकाशावर. जिलेबीचं उदाहरण खरं तर इथे जास्त शोभतं, आणि मी ते भोवऱ्यांसाठी वापरून बसलो होतो. नकाशाबद्दल मी पंधरा मिनिटं बोललो. चिठ्ठ्यांवरून दिसलं की तीन-चार जणांना पटलं, बाकीच्यांनी विश्वास ठेवला. हॉल्डेन यांना तर मी न्याय दिलाच नाही.

काकूंना ती पंधरा मिनिटं नको होती. त्या अजून खुर्च्यांतच अडकल्या होत्या. "अहो सर, एकटा भोवरा कडेने बाहेर ढकलता येतो म्हणालात. थराला कडाच नसली तर? चेंडूवर हेलियम चिकटवलं तर?" मी सांगितलं की मग एकटा भोवरा राहूच शकत नाही. त्याच्याभोवतीची फेरी मोठी करत नेली की ती पलीकडच्या बाजूला लहान होते आणि तिथे उलटा भोवरा सापडतोच. एकूण बेरीज शून्य.

पुढच्या वेळी त्या शेंडी काढलेला नारळ घेऊन आल्या. त्यावर कुंकवाने बाण रेखले होते, प्रत्येक बाण नारळाच्या पृष्ठभागालगत, शेजाऱ्याशी जुळता. "तुमची बेरीज चुकली," म्हणाल्या. "माझी दोन येते, कशीही काढली तरी." वरच्या टोकाला एक भोवरा, खालच्या टोकाला एक, आणि दोघांची चिन्हं सारखी. मी फेऱ्या घालून पाहिल्या. खरंच दोन.

मला उलगडायला दहा मिनिटं लागली. दोघंही बरोबर होतो. काकूंचे बाण नारळाच्या कातडीला बांधलेले होते. हेलियमचा बाण अशा दिशेला दाखवतच नाही, तो आतल्या एका घड्याळाचा काटा आहे, पृष्ठभाग वाकडा असला काय नि सपाट असला काय, त्याला फरक पडत नाही. पण पृष्ठभागाला बांधलेल्या बाणांची बेरीज मात्र पृष्ठभागच ठरवतो: दोन वजा भोकांची दुप्पट. बिनभोकाच्या कचोरीवर दोन. एका भोकाच्या मेदूवड्यावर शून्य. तपासायला मेदूवडा आणला, पण तेलामुळे कुंकू बसेना. शेवटी काकूंनी हातातली जाड पाटली काढून टेबलावर ठेवली आणि कॉलेजच्या मुलीने लिपस्टिकने तिच्यावर बाण काढले. सगळे गोलाईच्या दिशेने, एकामागून एक, कुठेही गाठ न पडता.